लिंबाच्या दोन फांद्या

लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे रोज समोरासमोर येतात. आमचं घर एकमजली, स्लॅबचं. दक्षिणेला आक्कांचं घर. मध्ये सामाईक भिंत, आणि भिंतीपासून थोडा आत, त्यांच्या बाजूला, आमच्या नैऋत्य कोपऱ्याशी त्यांचा दांडगा लिंब, म्हणजे कडुलिंब. त्याच्या फांद्या भिंत ओलांडून आमच्या गच्चीवर आलेल्या. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. पानगळीत गच्ची झाडायची, आषाढात लिंबोळ्यांचा चिखल धुवायचा, बदल्यात त्या कोपऱ्यातली खोली मे महिन्यातही बसण्यासारखी राहायची. सौदा बरा होता.

मग दिवाळीनंतर सोलर बसवायचं ठरलं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान आहे, आणि उन्हाळ्यातलं लाइटबिल बघून आमचे हे तसेही रोज तोच विषय काढायचे. पाहणीला एजन्सीचा पोरगा आला. त्यानं टेप लावून गच्ची मोजली, मोबाईलमध्ये दिशा बघितली आणि लिंबाकडं बोट करून म्हणाला, “मॅडम, हे झाड काढावं लागंल. नाहीतर जनरेशन येणार नाही.”

“झाड आमचं नाही.”

“मग त्यांना सांगा ना. फांद्या तुमच्यात आल्यात.”

इतकं सोपं होतं त्याच्या दृष्टीनं. त्यानं सांगितलेलं कारण मात्र खरं होतं, ते पुढं वाचून समजून घेतलं. पॅनेल एकमेकांना ओळीनं जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली पडली तर नुकसान त्या एकापुरतं राहत नाही, अख्ख्या ओळीचा प्रवाह कमी होतो. कावळ्याच्या शिटेनंसुद्धा थोडा फरक पडतो, मग फांदीचं काय सांगायचं.

पण “झाड काढा” हे मला पटेना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. सावली कुठं पडते हा पोरांना करायला द्यायचा प्रयोग आहे, तो आपणच का करू नये? रविवारी शाळेतले रंगीत खडू घेऊन गच्चीवर बसले. दहा वाजता सावलीची कड पांढऱ्या खडूनं, बाराला पिवळ्यानं, दोनला निळ्यानं, चारला लालनं. डिसेंबर होता हे बरं झालं. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला सगळ्यात कललेला असतो. आमच्या अक्षांशावर भर दुपारीसुद्धा तो फक्त निम्म्या उंचीवर असतो, म्हणजे बाराची सावलीही जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी लांब पडते. दक्षिणेकडच्या झाडाची सावली आमच्या गच्चीवर सगळ्यात लांबवर येते ती याच दिवसांत.

खालून आक्का बघत होत्या. “काय लिवलालीस गं खडूनं?”

“सावली मापायले, आक्का.”

“सावली कुठं मापत असतेत का?” म्हणून त्या हसल्या आणि आत गेल्या. विषय काढायची ती वेळ नव्हती.

खरी अडचण अशी की गच्चीवर सगळी सावली एकच काळा गोळा दिसते. त्यातली कुठली कुठल्या फांदीची हे कसं कळणार? ते माझ्या लेकीनं सोडवलं. शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी आणून ती एकेक फांदी ओढून हलवायची, आणि मी जमिनीवर बघायचं, कुठली सावली हलली. हलली की खडूनं गोल. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. साडेअकरा ते अडीच, म्हणजे जेव्हा वीज सगळ्यात जास्त तयार होते तेव्हा, पॅनेलच्या जागेवर येणारी सावली फक्त दोन फांद्यांची होती. एक मांडीएवढी जाड, बुंध्याच्या पहिल्या बेचक्यातून निघून आडवी आमच्या स्लॅबवर आलेली. दुसरी तिच्या वरची, मनगटाहून थोडी जाड. शेंड्याची सावलीही गच्चीवर येत होती, पण तीननंतर, आणि तीसुद्धा हिवाळ्यातच. उन्हाळ्यात तर उलटच होतं. मे महिन्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा पहिला दिवस येतो तो तेव्हाच. त्यानंतर तो जरा उत्तरेकडूनच जातो आणि लिंबाची दुपारची सावली आक्कांच्याच अंगणात पडते. म्हणजे अख्खा लिंब पाडला असता तरी उन्हाळ्यात आम्हाला वर काहीच मिळालं नसतं.

एजन्सीच्या पोराला खडूचे फोटो पाठवले. पॅनेल पूर्वेकडं चार फूट सरकवायला तो तयार झाला. “पण त्या दोन फांद्या काढाच,” म्हणाला.

ठीक. दोन फांद्या. आता त्या काढायच्या कशा?

चुलतभाऊ तालुका कोर्टात वकिली करतो, त्याला विचारलं. दादाचं म्हणणं थोडक्यात असं: फांदी तुझ्या हद्दीवर लोंबली की ती हद्दीपर्यंत कापायचा हक्क तुला आहे, आपल्याच बाजूला उभं राहून. भिंतीवर चढून तिकडं उतरायचं नाही. कापलेलं लाकूड झाडाच्या मालकाचं, ते ठेवून घ्यायचं नाही. झाड मरेल असं काही करायचं नाही. आणि आधी सांगायचं, जमलं तर लेखी. नाहीच ऐकलं तर दिवाणी दावा टाकून फांद्या काढायचा हुकूम मागता येतो, “पण निकाल लागेपर्यंत तुझं सोलर जुनं होईल.”

एवढं ऐकून मी फोन ठेवायला लागले तर म्हणाला, “थांब. गाव नगरपरिषदेत आहे ना? मग हे सगळं एकीकडं आणि 1975 चा कायदा एकीकडं.” महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 पासून झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुडातून पाडणं नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं, सगळं त्यात येतं. त्यामुळं शेजाऱ्याचं झाड असो की स्वतःचं, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतलेली बरी. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं. खेड्यात, ग्रामपंचायतीत राहणाऱ्यांना 1964 चा वेगळा कायदा लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग अशी ठराविक झाडं आहेत. आपल्या बांधावर आलेली शेजाऱ्याची चिंच तोडायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

कायदा समजला, आता माणसाकडं जायचं होतं. आक्का वट्ट्यावर वाती करत बसल्या होत्या. मी सरळच सांगितलं: आक्का, सोलर बसवायलो, लिंबाच्या दोन फांद्या आड येतात, काढू द्याल का?

त्यांनी वाती खाली ठेवल्या. “लिंब तोडायचाय तुला?”

“लिंब नाही. दोन फांद्या.”

“फांद्याच म्हणतेत सगळे.” मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या त्या 1993 बद्दल. 30 सप्टेंबरला पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या गावातली जुनी माळवदं पडली नाहीत पण तडकली. दगडमातीच्या छताखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. आक्कांचं सगळं बिऱ्हाड, सासू, दीर, लहान लेकरं, कित्येक रात्री या लिंबाखाली पडून होतं. वरून पाऊस. फांदीला ताडपत्री बांधलेली. “ह्याच फांदीला,” म्हणून त्यांनी हात वर केला, आणि मी बघितलं तर ती नेमकी आमच्यावर आलेली जाड फांदी.

यावर काय बोलणार? मी चहा पिऊन परत आले.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग आक्कांनीच त्यांच्या पुण्याच्या लेकाला फोनवर सांगितलं असावं, कारण त्याचा मला फोन आला. मला वाटलं आता हा भांडतो. तर तो म्हणतो, “ताई, दोन फांद्या कशाला, अख्खं झाडच काढून टाका ना. मला तसंही प्लॉट मोकळा करायचाय. आईला काय, तिथं एकटी बसून झाड बघायचंय. मी माणूस पाठवतो.”

आणि पाठवलाही. शनिवारी सकाळची शाळा करून आले तर आक्कांच्या दारात टेम्पो उभा. वखारवाला, सोबत दोन पोरं, कटर मशीन, पेट्रोलचा डबा. गुत्तं असं ठरलेलं: झाड फुकट पाडायचं, लाकूड वखारवाल्याचं, वर मालकाला पाच हजार. लिंबाच्या लाकडाला वाळवी लागत नाही, त्याच्या फळ्या निघतात, त्यामुळं मोठ्या लिंबावर अशा लोकांचा डोळा असतोच. आक्का दारात उभ्या. एरवी आवाज चढवणारी बाई, पण “लेकानं सांगितलंय” यापुढं त्यांना बोलता येईना.

माझ्यापुढं मजेशीर पेच होता. मीच ज्या झाडाच्या फांद्या कापायला निघाले होते ते वाचवायला मलाच उभं राहायचं होतं. मी वखारवाल्याला विचारलं, “परवानगी आहे का?”

“मालकाची हाय की.”

“नगरपरिषदेची?”

तो माझ्याकडं, मी त्याच्याकडं. “मास्तरीणबाई हायत का तुमी?” म्हणाला. मग फोन लावला, दुसऱ्या बाजूला आक्कांचा लेक काहीतरी बोलत राहिला, आणि टेम्पो निघून गेला. माझ्याकडंही तेव्हा परवानगी नव्हती, हे त्यानं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी आक्का स्वतः आल्या. म्हणाल्या, “कुठल्या दोन ते दाव.” गच्चीवर नेलं, खडूचे गोल दाखवले. त्यांनी जाड फांदीकडं बराच वेळ बघितलं. “कागुद करून घे,” म्हणाल्या. “कागुद असला की हे लोक परत येत नाहीत.” बाई माझ्यापेक्षा पुढचं बघत होती.

अर्ज साधा होता. कोऱ्या कागदावर, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, विषय, दोन फांद्यांचं वर्णन, कारण, फोटो. सोबत दोन्ही घरांच्या घरपट्टीच्या पावत्या. अडलं ते एकाच ठिकाणी. आक्कांचं घर उताऱ्यावर अजून त्यांच्या यजमानांच्या नावावर होतं आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली. वारसांची नोंद कुणी केलीच नव्हती. आपल्याकडं निम्म्या घरांची हीच गत आहे, काम निघेपर्यंत कळत नाही. मग मृत्यूचा दाखला जोडला, आक्कांचं संमतीपत्र घेतलं आणि पुण्याच्या लेकाचंही. त्याला मी फोनवर स्पष्ट सांगितलं की झाड पाडायला परवानगी मागणार नाही, फांद्यांपुरतीच मागते. सही करायची नसेल तर करू नकोस, मग मी हद्दीपर्यंत कापते. त्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. कदाचित पाच हजारांसाठी आईशी वैर नको असं त्यालाही वाटलं असेल. सही करून फोटो पाठवला, मूळ कागद कुरियरनं.

पण मला दोन्ही संमत्या का लागत होत्या, नुसतं “माझ्या हद्दीपर्यंत” का भागत नव्हतं, हे मला तोवर धड माहीत नव्हतं. ते मामांनी सांगितलं.

मामा म्हणजे केशर आंब्याच्या बागांची छाटणी करणारे गृहस्थ. सोयरे नव्हेत, सगळे मामाच म्हणतात. कटर मशीनवाल्यांपेक्षा करवतीवाला माणूस बघावा म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी लिंबाला एक फेरी मारली, भिंतीपाशी उभे राहिले आणि मला विचारलं, “कुठून कापायची?”

“इथून,” मी भिंतीच्या रेषेवर बोट दाखवलं. “हद्द इथवर आहे.”

“हद्द तुमची. झाडाला हद्द ठाऊक नाही.” मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यात कामाचं आहे. फांदी अधेमधे, भिंतीच्या रेषेवर कापली तर झाडाकडं चार फुटांचा खुंट राहतो. त्या खुंटाला पुढं पान नाही, म्हणजे झाड त्याला अन्न पाठवत नाही. एकतर तो वाळतो, कुजतो आणि कूज बुंध्यात उतरते, किंवा त्याच्या टोकाला पाच-पंचवीस धुमारे एकदम फुटतात. लिंबाला धुमारे फार. दोन वर्षांत ते पहिल्यापेक्षा दाट होतात. पण ते फक्त सालीला चिकटलेले असतात, आतून धरलेले नसतात, त्यामुळं वळवाच्या वाऱ्यात आधी तेच मोडून पडतात. कुणावर? ज्यानं हद्दीवर कापलं त्याच्यावरच.

आणि बरोबर कुठून कापायचं, तेही त्यांनी शिडीवर चढून दाखवलं. फांदी बुंध्यातून निघते तिथं तिच्या बुडाशी सालीचा एक फुगीर कडा असतो, वर सुरकुत्यांची बारीक रेघ असते. तो कडा झाडाचा असतो, फांदीचा नाही. काप कड्याच्या बाहेर, पण अगदी लागून घ्यायचा. मग त्या कड्यातली साल हळूहळू चारी बाजूंनी येऊन जखम झाकते. कडाच कापला तर जखम मोठी होते आणि झाकत नाही. मी हात लावून बघितला. खरंच, बोटाला कळतो तो उंचवटा. इतकी वर्षं झाडं बघतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि तो कडा आक्कांच्या हद्दीत, भिंतीपासून चार फूट आत. म्हणजे कायद्यानं मला जिथवर कापायचा हक्क आहे तिथं कापणं झाडाला वाईट, आणि झाडाला चांगलं तिथं माझा हक्कच नाही. शेजाऱ्याची संमती हा सभ्यपणाचा भाग आहे असं मी समजत होते. ती नसेल तर कापच चुकीच्या जागी पडतो. कायदा शिकलेल्या दादाला हे ठाऊक नव्हतं आणि करवत धरणाऱ्या मामांना होतं. आंतरजालावर “तुमचा हक्क आहे, बिनधास्त कापा” असं सांगणाऱ्या कुणीही हे सांगितलेलं मी वाचलं नाही.

वरच्या बारीक फांदीचं त्यांनी वेगळं सांगितलं. ती बुडातून काढायची गरज नाही. मध्येच तिला एक पोटफांदी आहे, उभी, आमच्यापासून लांब जाणारी. तिथवर मागं घ्यायची, म्हणजे रस तिकडं वळतो आणि धुमारे कमी येतात. पोटफांदी फार बारीक असून चालत नाही, मूळ फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी जाड पाहिजे. “आणि एका टायमाला पाव झाडाच्या वर हात लावायचा नाही,” म्हणाले. दोन फांद्या म्हणजे पावापेक्षा पुष्कळ कमी होत्या.

स्थळपाहणीला नगरपरिषदेचे साहेब मोटारसायकलवर आले. छातीएवढ्या उंचीवर बुंध्याला टेप लावून घेर घेतला, फोटो काढले, आक्कांना वय विचारलं. झाडाचं.

“माझ्या सासूनं लावल्याला,” आक्का म्हणाल्या. “मी नांदाया आले तवा सावली देत होता. बहात्तरच्या दुष्काळात माणसं मिलो खात होते, तवाबी हा हिरवा. आगगाडीनं पाणी आलं त्या सालीबी हिरवा.” मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते 2016, म्हणजे त्यांच्या हिशेबात ती कालपरवाची गोष्ट.

साहेबांनी पन्नासच्या वर असं काहीतरी लिहिलं आणि मला थोडी धास्ती वाटली, आता हेरिटेज म्हणून अडवतात की काय. पण त्यांनी जाऊन तो फुगीर कडा बघितला, मामांशी दोन शब्द बोलले आणि गेरूनं दोन्ही फांद्यांवर काप कुठं घ्यायचा तिथं पट्टे ओढायला सांगितले. आठवडाभरात परवानगीचा कागद आला. अटी थोड्या: खुणा केलेल्या दोनच फांद्या, बुंध्याला इजा नको, घरटी बघून काम करायचं, मागाहून फोटो द्यायचे. त्याची झेरॉक्स आक्कांनी लॅमिनेट करून घेतली. मी सांगितलं नव्हतं.

मुहूर्त माघातला काढला. लिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात, नवी पालवी यायला अवकाश असतो, फुलोरा त्याहून पुढं. फांदी हलकी असते आणि वरचं सगळं स्पष्ट दिसतं. शिवाय पाडव्याला आक्कांच्या लिंबाची डहाळी अख्खी गल्ली नेते, त्याच्या आधी उरकलेलं बरं. आमची सर्व्हिस वायर त्या जाड फांदीखालून जात होती. लाइनमनला आदल्या दिवशी सांगितलं, त्यानं सकाळी येऊन पुरवठा बंद केला आणि वायर खाली घेऊन ठेवली. हे काम कुणी स्वतः करू नये. ओली फांदी तारेवर पडली की ती लाकूड राहत नाही.

मामांनी चढायच्या आधी दोर टाकून दोन्ही फांद्या जोरात हलवल्या. मोहोळ नाही, घरटं नाही, एक खार बाहेर येऊन वरच्या फांदीवर पळाली. मग सोल, म्हणजे जाड दोर, वरच्या बेचक्यातून घेऊन जाड फांदीला बांधला, दुसरं टोक खाली बुंध्याला वेढा देऊन गड्याच्या हातात. फांदी धाडकन पडू द्यायची नाही, सोलावर तोलत उतरवायची, कारण खाली एकीकडं आमची पाण्याची टाकी आणि दुसरीकडं आक्कांचं न्हाणीघर.

पहिला काप खालून. बुंध्यापासून हातभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या पावभागाइतका. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढं. अर्ध्यावर करवत गेली आणि फांदी कडकड करत वाकली, सोल ताणला, आणि खालच्या कापापाशी येऊन साल तुटली. तिथंच. खालचा काप नसता तर तीच साल बुंध्यापर्यंत सोलत गेली असती, आणि कुऱ्हाडीनं तोडलेल्या बहुतेक लिंबांवर तुम्हाला ती सोललेली पट्टी दिसेल. गल्लीतल्या झाडांवर मी आता तेच बघत फिरते. फांदी उतरली, मग उरलेला हातभर खुंट हातानं धरून तिसरा काप, कड्याला लागून, सावकाश. आतलं लाकूड बाहेरून पिवळसर, मध्ये तांबूस, आणि सगळीकडं तो कडू वास.

जखमेला काय लावायचं यावर थोडी चर्चा झाली. मामा बागेत लावतात तसं बोर्डो पेस्ट लावायचं म्हणाले, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात, आपल्याला वाटीभरच लागणार होतं. बाहेरदेशीचे झाडांचे जाणकार हल्ली म्हणतात की काप बरोबर असेल तर काहीही लावू नये, झाड स्वतः भरून काढतं. फळबागेत बुरशीचा जोर असतो, तिथं पेस्ट योग्य. एकट्यादुकट्या लिंबाला ती नसली तरी चालली असती असं मला वाटतं. पण आक्का म्हणाल्या, “लाव रे, उघडं नको,” आणि मामांनी लावली. निळी चकती अजून दिसते.

गावातल्या शेळ्यांना कोण कळवतं माहीत नाही. फांदी खाली आल्यावर पाव तासात दोन बाया शेळ्या घेऊन दारात. आपल्याला तोंडात धरवत नाही तो पाला त्या गुळासारखा खातात. थोडा पाला आक्कांनी बाजूला काढून सावलीत वाळत घातला, ज्वारीच्या पोत्यात टाकायला. माझ्याही घरी एक ओंजळ आली. लाकूड दादानं सांगितल्याप्रमाणं त्यांचंच. बारीक जळतणाला, आणि जाड तुकड्यातून त्यांनी बाजेचा मोडलेला पाय करून घ्यायला सुताराला सांगितलं. मामांचं गुत्तं साडेतीन हजाराचं होतं, ते मी दिलं. त्यात आक्कांनी पैसे घालावेत असं मला कधीच वाटलं नाही. अडचण माझी, फांदी त्यांची, मग खर्च माझा. यावर आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात झाड ज्याचं त्यानं निम्मं द्यावं. त्यांनी जाऊन मागून बघावेत.

पॅनेल बसले. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं मीटर, लागायला आणखी वेळ गेला, ती वेगळी कटकट आणि तिचा लिंबाशी संबंध नाही. जनरेशन एजन्सीच्या पोरानं सांगितलेल्याच्या आसपास येतं. मार्चमध्ये पानगळीनं पॅनेलवर पाला बसतो, तो पहाटे ओल्या फडक्यानं पुसावा लागतो. कोपऱ्यातली खोली यंदा मेमध्ये जास्त तापेल असं धरून चाललो होतो. तिच्यावर ऊन आता थेट येतं आणि ती तापलीच. पंखा रात्री बारापर्यंत गरम हवा फेकत होता. हा तोटा हिशेबात धरायचा राहू नये म्हणून लिहिते.

पावसाळा लागला आणि मामा म्हणाले तसं कड्याभोवती धुमारे आले, थोडे. ते कोवळे असतात तोवर हातानं मोडता येतात, बोटाएवढे झाले की करवत लागते आणि मग परत परवानगीची भाषा सुरू होते. भिंतीवरून माझा हात पोहोचत नाही. आक्कांकडं शिडी आहे, पण त्यांनी चढायचं वय नाही. माझी लेक चढते. त्यांच्या बाजूनं, त्यांना विचारून.

पुण्याहून मध्यंतरी पुन्हा फोन होता. प्लॉटला गिऱ्हाईक आहे म्हणे, आई तयार नाही. मी काही बोलले नाही, तो त्यांच्या घरचा प्रश्न. फक्त एवढं सांगितलं की वारसाची नोंद आधी करून घे, तीशिवाय खरेदीखताला अडचण येईल. आणि दादाला विचारून घेतलं: संमतीपत्र आक्कांचं आणि लेकाचं होतं, घर उद्या तिसऱ्यानं घेतलं तर त्याला ते बंधनकारक नाही. पुढच्या खेपेला फांदी वाढली तर नव्या मालकाची सही, नवा अर्ज, नवी पाहणी. म्हणून सगळ्या कागदांचा, गेरूच्या खुणांचा आणि कापाच्या फोटोंचा एक संच मी फाइलीत लावून ठेवलाय, आणि दुसरा आक्कांच्या कपाटात आहे, घरपट्टीच्या पावत्यांखाली.